सरकारचा हात आखडतो तेव्हां

गेल्या एप्रिल महिन्यांत आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीचे वडील सायंकाळीं आम्हांस भेटावयास आले. मुलगी मोठी हुशार. दहावीपर्यंत आमच्याच हाताखालीं शिकली आणि त्या वेळीं नुकतीच बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. अमेरिकेंत कॅलिफोर्निया राज्याच्या विद्यापीठांत तिला प्रवेश मिळाल्याचें पत्र आलें होतें. आम्हीं अभिनंदन केलें, चहा मागविला. परंतु गृहस्थांचा चेहरा कांहीं खुलेना. त्यांनीं पिशवींतून एक कागद काढून आमच्यापुढें ठेविला. त्यावर फीचे दोन रकाने होते : एक त्या राज्याच्या रहिवाशांसाठीं व दुसरा बाहेरच्यांसाठीं. दुसऱ्या रकान्यांतील आकडा पहिल्याच्या तिपटीहून अधिक होता, आणि पहिलाही कांहीं लहान नव्हता. "सर," ते म्हणाले, "हें सरकारी विद्यापीठ आहे ना ? खासगी तर नव्हे ? मग तेथल्या स्वतःच्या मुलांनासुद्धां एवढी फी कां ? आणि आमच्याकडून तिप्पट कां ?" राहतें घर गहाण ठेवावें कीं काय, या विचारांत ते होते; आणि उत्तर कळविण्याची मुदत मे महिन्याच्या पहिल्या तारखेस संपत होती.

त्या सायंकाळीं आम्हांस त्यांच्या प्रश्नाचें नीट उत्तर देतां आलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. पुढील आठवडाभर हाताशीं आलें तें वाचलें, आणि सुटींत आणखी वाचलें. आज ना उद्यां असाच कागद आपल्यापैकीं आणखी कोणाच्या घरीं येईल, म्हणून त्या वाचनांतून जें उमगलें तें येथें विद्यार्थी व पालक या दोघांपुढें मांडीत आहों.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. अमेरिकेंत उच्च शिक्षणाची जबाबदारी मुख्यत्वें मध्यवर्ती सरकारची नसून त्या त्या राज्याची आहे. या व्यवस्थेचा पाया १८६२ सालीं, तेथील यादवी युद्ध पेटलेलें असतांनाच, घातला गेला. त्या वर्षीं अध्यक्ष लिंकन यांनीं मॉरिल कायद्यावर सही केली. त्या कायद्यान्वयें प्रत्येक राज्यास, मध्यवर्ती कायदेमंडळांत त्याचे जितके सभासद असतील तितक्या प्रत्येकामागें, तीस हजार एकर जमीन मिळाली. ती विकून आलेल्या भांडवलावर शेतकी व यंत्रविद्या शिकविणारीं कॉलेजें काढावयाचीं होतीं. (ही जमीन तेथील मूळच्या रहिवाशांकडून काढून घेतलेली होती, हेंही सांगितलें पाहिजे, दानाच्या कथेंत तेवढें बहुधा गाळलें जातें.) शेतकऱ्याच्या व कारागिराच्या मुलानेंही पदवी घ्यावी, असा या कॉलेजांचा हेतु होता. वर्ध्याकडचे पांडुरंग खानखोजे हे विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेस गेले, ते ऑरेगन व वॉशिंग्टन या राज्यांच्या अशाच कृषि-कॉलेजांत शिकले. तेव्हां या कथेशीं आपला अगदींच संबंध नाहीं असें नाहीं.

कॅलिफोर्नियाचें विद्यापीठ १८६८ सालीं स्थापन झालें. त्याच्या स्थापनेच्या कायद्यांतच असें म्हटलें होतें कीं, विद्यापीठाचें उत्पन्न जमूं लागलें म्हणजे राज्यांतील रहिवाशांस प्रवेश व शिक्षण विनामूल्य असावें. हें तत्त्व सुमारें शंभर वर्षें टिकलें. किरकोळ खर्चाकरितां म्हणून कांहीं फी घेत, पण शिकविण्याचें मोल घेत नसत. १९६० सालीं त्या राज्यानें उच्च शिक्षणाची एक मोठी योजना आंखली. विद्यापीठाचे तेव्हांचे अध्यक्ष क्लार्क केर हे तिचे मुख्य शिल्पकार होते व पॅट ब्राउन हे गव्हर्नर होते. शालांत मुलांपैकीं पहिल्या अष्टमांशास मुख्य विद्यापीठांत, पहिल्या तृतीयांशास राज्याच्या दुसऱ्या कॉलेजांत, आणि शिकूं इच्छिणाऱ्या बाकी सर्वांस गांवोगांवच्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांत जागा मिळावी, आणि पुढें तेथूनही मुलांस वरच्या संस्थेंत जातां यावें, अशी ती योजना होती. फी नसल्यामुळें गुण हेंच काय तें प्रवेशाचें नाणें होतें. जगांतील पुष्कळ देशांनीं या योजनेकडे कौतुकानें पाहिलें.

मग हें बिघडलें कसें ? एका दिवसांत बिघडलें नाहीं, आणि कोणा एका दुष्ट मनुष्यानें बिघडविलें असेंही नाहीं. आम्हांस वाटतें, समजून घेण्यासारखी गोष्ट हीच आहे.

१९६७ च्या जानेवारींत रोनाल्ड रेगन गव्हर्नर झाले. त्यांनीं विद्यापीठाचें अनुदान कमी करण्याचा व विद्यार्थ्यांकडून शिक्षणाचें मोल घेण्याचा प्रस्ताव आणिला. विद्यार्थ्यांच्या चळवळी तेव्हां जोरांत होत्या व करदाते रागावलेले होते. त्याच महिन्यांत केर यांस कारभारी मंडळानें पदावरून दूर केलें. गव्हर्नरांच्या बाजूचें म्हणणें अगदींच टाकाऊ होतें असें नाहीं. ज्याचा मुलगा कॉलेजांत जात नाहीं त्या सुतारानें, पुढें वकील होऊन भरपूर मिळविणाऱ्या मुलाचा खर्च आपल्या करांतून कां द्यावा, असा तो प्रश्न होता. १९७० सालीं 'शिक्षण-फी' या नांवानें नवी फी सुरू झाली. 'शिकवणीचें मोल' हा शब्द मात्र कोणी उच्चारीना. तो कारभारी मंडळानें अधिकृतपणें स्वीकारला २०१० सालीं. चाळीस वर्षें मोल घेतलें, पण नांव टाळलें !

खरा घाव पडला १९७८ सालीं. त्या काळीं कॅलिफोर्नियांत घरांच्या किंमती भराभर वाढत होत्या व त्यांबरोबर घरपट्टीही वाढत होती. ज्यांचें उत्पन्न ठरीव, अशा म्हाताऱ्या माणसांना आपलें राहतें घर कराच्या पायीं विकावें लागेल अशी धास्ती पडली. इकडे राज्याच्या तिजोरींत तर मोठी शिल्लक पडून होती. तेव्हां ६ जून १९७८ रोजीं लोकांनीं प्रत्यक्ष मतदानानें 'प्रस्ताव १३' मंजूर केला. घरपट्टी मूल्याच्या एक टक्क्यावर जाऊं नये, तें कागदोपत्रीं मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढवूं नये, आणि राज्याचा कोणताही कर वाढवावयाचा तर कायदेमंडळाच्या दोनतृतीयांश सभासदांची संमति लागावी, असें त्यांत ठरलें. घरपट्टीचें उत्पन्न एकदम निम्म्याहून अधिक घटलें.

आतां वाचक विचारतील, घरपट्टीचा कॉलेजशीं संबंध काय ? संबंध असा कीं, गांवच्या शाळा व कम्युनिटी कॉलेजें या घरपट्टीवरच चालत. ती आटतांच त्यांचा भार राज्याच्या तिजोरीवर आला, आणि त्या तिजोरींतून ज्यांस पूर्वीं मुबलक मिळे त्यांचा वांटा आकसला. १९८४ सालीं कम्युनिटी कॉलेजांतसुद्धां प्रथमच सर्वांस फी लागूं झाली : अभ्यासाच्या एका एककास पांच डॉलर, व एका सत्रास फार तर पन्नास. रक्कम लहान होती, पण दार किलकिलें झालें. १९८८ सालीं लोकांनीं दुसरा एक प्रस्ताव मंजूर करून शाळांना व कम्युनिटी कॉलेजांना तिजोरींतील कांहीं हिस्सा बांधून दिला. वरच्या विद्यापीठांना असें संरक्षण कोणीच दिलें नाहीं.

येथें अंदाजपत्रकाची खुबी समजून घेतली पाहिजे, कारण सर्व गुंता तिच्यांतच आहे. आपल्याकडे दुष्काळी वर्षीं शेतकऱ्याच्या घरांत काय होतें तें आठवा. सोसायटीचा हप्ता थांबवितां येत नाहीं, घरांत दाणा आणावाच लागतो, आजीचें औषध बंद करतां येत नाहीं. मग कात्री कोठें लागते ? शहरांत शिकणाऱ्या थोरल्या मुलाच्या मनिऑर्डरीस. "तूं मोठा आहेस, चार शिकवण्या कर आणि भागव," असें त्यास लिहिलें जातें. बाप निर्दय असतो म्हणून नव्हे. साऱ्या घरांत स्वतः चार पैसे मिळवूं शकणारा तो एकटाच असतो म्हणून. अमेरिकेंतील जवळ जवळ प्रत्येक राज्यास दरवर्षीं जमाखर्चाची तोंडमिळवणी करावीच लागते. मध्यवर्ती सरकारप्रमाणें खुशाल कर्ज काढून दिवस ढकलतां येत नाहींत. मंदी आली कीं कर घटतात. पण कैद्यांस अन्न द्यावें लागतें, गरिबांच्या औषधोपचाराचा खर्च तर मंदींत वाढतो, शाळांचा हिस्सा कायद्यानें बांधलेला असतो. उरतें विद्यापीठ. आणि विद्यापीठ फी वाढवूं शकतें, हें सर्वांस ठाऊक असतें. आणखी कठीण गोष्ट अशी कीं, नोकऱ्या मिळत नाहींत तेव्हां लोक शिकावयास परत येतात. म्हणजे ज्या वर्षीं पैसा कमी, नेमकीं त्याच वर्षीं मुलें जास्त.

२००८ सालच्या मंदींत हें सारें एकदम दिसून आलें. २००९ च्या जुलैंत कॅलिफोर्नियाच्या तिजोरींत इतका खडखडाट झाला कीं, राज्यानें कित्येक देणेकऱ्यांस पैशाऐवजीं पुढें देण्याच्या चिठ्ठ्या दिल्या. प्राध्यापकांस व नोकरांस बिनपगारी सुट्या घ्यावयास लावल्या. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत विद्यापीठाच्या कारभारी मंडळानें फी शेंकडा ३२ नें वाढविण्याचें ठरविलें, तेव्हां विद्यार्थ्यांनीं जागोजाग निदर्शनें केलीं, आणि बर्कली येथें कांहीं जणांनीं विद्यापीठाची एक इमारत आंतून बंद करून दिवसभर अडवून ठेविली. पुढील वाढीही टळल्या नाहींत. रहिवासी विद्यार्थ्याची वार्षिक फी २००८-०९ सालीं ७,१२६ डॉलर होती, ती २०११-१२ सालीं १२,१९२ डॉलर झाली. तीन वर्षांत शेंकडा सत्तरांहून अधिक वाढ ! राज्याच्या दुसऱ्या कॉलेजमालिकेची फी २००७-०८ मध्यें २,७७२ डॉलर होती, ती चार वर्षांत ५,४७२ वर गेली. कम्युनिटी कॉलेजांत एका एककास वीस डॉलर पडत, ते २०१२ पर्यंत छेचाळीस झाले.

एवढ्या वाढीनें विद्यापीठ श्रीमंत झालें असें मात्र समजूं नये. १९९०-९१ सालीं एका विद्यार्थ्याच्या शिक्षणाच्या खर्चांतील तीन चतुर्थांशाहून अधिक भाग राज्य उचलीत असे. वीस-एकवीस वर्षांनीं तो निम्म्याच्याही खालीं आला. २०११-१२ सालीं विद्यापीठाच्या इतिहासांत प्रथमच, सर्व विद्यार्थ्यांनीं मिळून भरलेली फी राज्याच्या अनुदानाहून अधिक झाली. म्हणजे फीवाढीचा पुष्कळसा भाग नवें कांहीं उभारण्यास गेला नाहीं, पडलेलें भोंक बुजविण्यास गेला. विद्यापीठांचा कारभार खर्चिक झाला आहे, वरच्या अधिकाऱ्यांची संख्या फुगली आहे, असा आक्षेप पुष्कळ घेतात, व त्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु दर मंदीमागोमाग फी उडी घेते, याचा उलगडा तेवढ्यानें होत नाहीं.

फीचे आंकडे सर्वांस दिसतात. जें दिसत नाहीं तें आम्हां शिक्षकांस अधिक टोंचतें. पैसे नाहींत म्हणून वर्ग कमी केले. कम्युनिटी कॉलेजांत फी माफ असलेला गरीब मुलगा नांव नोंदवावयास जाई, तों वर्ग भरलेला. गणिताचा वर्ग या सत्रांत नाहीं, पुढच्या सत्रांत पाहा. त्या काळांत या कॉलेजांतून लक्षावधि जागा कमी झाल्या. राज्याच्या दुसऱ्या कॉलेजांनीं तर २०१० च्या वसंत सत्राचे प्रवेश बहुतेक बंदच ठेविले. एक सक्तीचा विषय वेळेवर मिळाला नाहीं म्हणजे पदवी सहा महिने, वर्षभर लांबते. तेवढ्या महिन्यांचें खोलीचें भाडें, जेवण, आणि न मिळविलेला पगार, हा खर्च फीच्या कोणत्याच तक्त्यांत लिहिलेला नसतो.

कोणी म्हणेल, गरिबांस शिष्यवृत्त्या नाहींत काय ? आहेत; आणि येथें न्यायानें बोललें पाहिजे. फी वाढवितांना विद्यापीठानें वाढीचा सुमारें तिसरा हिस्सा गरजू मुलांसाठीं बाजूस काढला. ठराविक उत्पन्नाच्या आंतील कुटुंबांची शिकवणी फी मध्यवर्ती, राज्याच्या व विद्यापीठाच्या मदतींतून भागविली जाते. ही मर्यादा आरंभीं साठ हजार डॉलर होती, ती पुढें ऐशीं हजारांवर नेण्यांत आली. राज्यांतील निम्म्याहून अधिक पदवीपूर्व विद्यार्थ्यांस ही फी प्रत्यक्षांत पडतच नाहीं. मग ओझें कोणावर ? पहिलें, मधल्या माणसावर : जो मदतीस पात्र होण्याइतका गरीब नाहीं आणि निर्धास्त राहण्याइतका श्रीमंत नाहीं, तो शिक्षक, तो पोस्टमन, तो लहान दुकानदार. दुसरें, गरिबावरही आहेच. कारण राहण्याजेवण्याचा खर्च त्या किनाऱ्यावर फीहून अधिक येतो, आणि फी माफ झाली म्हणून घरमालक भाडें माफ करीत नाहीं. तिसरें ओझें मनावरचें आहे. ज्या घरांत कॉलेजांत गेलेलें कोणी नाहीं, तेथील आई छापील आंकडा पाहते, आणि अर्ज मागविण्याआधींच मान हलविते. मदत मिळते, पण लांबलचक अर्ज भरल्यावर मिळते. २०२४ सालीं तर मध्यवर्ती मदतीचा नवा अर्जच घोटाळ्यांत सांपडला, आणि आपल्यास किती मिळणार हें हजारों मुलांस प्रवेशाची मुदत तोंडावर आली तरी कळलें नव्हतें. पूर्वीं दारावर पाटीच 'विनामूल्य' अशी होती, ती वाचावयास कोणाची मदत लागत नसे. दरवर्षीं जून महिन्यांत आम्ही फीच्या टेबलापाशीं बसतों. 'माफीचा अर्ज करा' एवढें म्हटल्यानें मान खालीं घालून परत गेलेले पालक आम्हीं पाहिले आहेत. म्हणून जास्त फी आणि जास्त माफी ही रीत कागदावर कितीही न्याय्य दिसली, तरी आमचें मन तिच्यावर बसत नाहीं.

जें फींतून, शिष्यवृत्तींतून, आईबापांच्या पुंजींतून भागत नाहीं, तें कर्जांतून भागतें. साऱ्या अमेरिकेंतील विद्यार्थिकर्जाचा बोजा आज एक लाख सत्तर हजार कोटी डॉलरच्या वर गेला आहे. दिवाळें काढलें तरी त्यांतून सुटका बहुधा होत नाहीं. कॅलिफोर्नियाचीं मुलें इतर कित्येक राज्यांच्या मानानें कमी कर्जबाजारी आहेत, हें तेथील मदतीचें श्रेय. पण सुताराच्या प्रश्नाचें उत्तर शेवटीं असें दिलें गेलें, कीं एका पिढीनें करावर जें वांचविलें तें पुढच्या पिढीनें व्याजासह फेडावें. १९६० नंतरच्या दशकांत फुकट शिकलेल्यांपैकीं कित्येकांनीं १९७८ सालीं कर बांधून टाकण्यास मत दिलें असलें पाहिजे, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

इतर राज्यांची कथा फारशी निराळी नाहीं. ॲरिझोनाच्या राज्यघटनेंत शिक्षण शक्य तितकें विनामूल्य असावें असें लिहिलें आहे. त्याच राज्यानें २०१५ सालच्या अंदाजपत्रकांत आपल्या दोन सर्वांत मोठ्या कम्युनिटी कॉलेजसमूहांचें अनुदान शून्यावर आणिलें. अलास्कांत २०१९ सालीं गव्हर्नरांनीं विद्यापीठाच्या अनुदानांतून तेरा कोटी डॉलर एका सहीनें छाटले. पुष्कळ आरडाओरड झाल्यावर तीन वर्षांत सात कोटींच्या कपातीवर तडजोड झाली.

आतां त्या दुसऱ्या रकान्याकडे वळूं. अनुदान घटलें तेव्हां विद्यापीठापुढें आणखी एक मार्ग होता : बाहेरचे विद्यार्थी. त्यांच्यासाठीं राज्य एक पैसाही देत नाहीं, आणि त्यांच्या फीवर राज्यांतील मतदारांचा डोळाही नसतो. पूर्वीं पदवीपूर्व विद्यार्थ्यांत बाहेरचे शेंकडा पांचांच्या आसपास असत. मंदीनंतरच्या दशकांत ते सतराच्या घरांत गेले. त्यांत दुसऱ्या राज्यांतील मुलें होतीं, चीनचीं होतीं, आणि आपल्या मुंबईपुण्याचींही होतीं. २०१६ सालीं राज्याच्या हिशेबतपासनिसानें, बाहेरच्यांस जागा देण्यांत घरच्या मुलांवर अन्याय झाल्याचा ठपका ठेविला; विद्यापीठानें तो मानला नाहीं, उलट या पैशानेंच घरच्या मुलांच्या जागा टिकल्या असें सांगितलें. २०१७ मध्यें बाहेरच्यांवर सामान्यतः शेंकडा अठराची मर्यादा घातली गेली. त्यांनीं नेहमींच्या फीवर भरावयाची जादा रक्कम मात्र वाढतच राहिली. २०२४ सालीं नव्यानें दाखल होणाऱ्यास ती वर्षाला चौतीस हजार डॉलरहून अधिक होती.

सर्व चित्र काळेंच आहे असें नाहीं. २०१२ सालीं त्याच मतदारांनीं कांहीं वर्षांपुरता जादा कर आपल्यावर बसवून घेतला, आणि फी कित्येक वर्षें जागच्या जागीं थांबली. कम्युनिटी कॉलेजांत प्रथमच येणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांस दोन वर्षें फी माफ करण्याची सोय पुढें झाली. २०२२ पासून मुख्य विद्यापीठांत जो विद्यार्थी ज्या फीवर दाखल होईल, त्याची तीच फी सहा वर्षांपर्यंत कायम ठेवण्याची रीत सुरू झाली. मधल्या माणसास निदान आधीं हिशेब तरी मांडतां येतो.

यांतील आम्हांस तोंवर कळलेलें तेवढें त्या गृहस्थांस मुदतीच्या तीन दिवस आधीं समजावून सांगितलें. त्यांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाले, "म्हणजे सर, तिकडच्या सरकारनें सोडून दिलेला पैसा माझ्या घरावर काढावयाचा, असेंच ना ?" आम्हीं म्हटलें, सर्वस्वी तसें नाहीं, पण पुष्कळसें तसें आहे. विद्यापीठ उत्तम आहे, शिक्षण उत्तम आहे, त्याची किंमत तुमच्यासाठीं कोणीही कमी केलेली नाहीं, एवढेंच. मुलगी शेजारीं बसून होती. तिनें तोच कागद उलटा केला आणि पाठच्या बाजूस चार वर्षांची फी, राहणें, विमानभाडें व घरावरच्या कर्जाचा हप्ता मांडला. उत्तराखालीं तिनें दोन रेघा ओढल्या व कागद वडिलांकडे सरकविला.

तिनें त्या विद्यापीठास नकार कळविला. सध्यां ती पुण्यास पदार्थविज्ञान शिकत आहे, आणि पदवीनंतर संशोधनासाठीं पगार व फीमाफी देणारी जागा तिकडे मिळाल्यास जाण्याचा तिचा विचार आहे. अशा जागा तेथें असतात, व त्यांचे अर्ज कसे करावे याची माहिती ती आतांपासूनच जमवीत आहे. जूनमध्यें धाकट्या मुलाची फी भरावयास गृहस्थ आले होते, तेव्हां पावती ठेवण्यासाठीं त्यांनीं पिशवी उघडली. तो कागद तींत अजून होता.